साडूची रुग्णवाहिका

माझ्या साडूने मोडीत निघालेली एक रुग्णवाहिका विकत घेतली, ही बातमी मला पत्नीच्या हसण्यातून कळली. ती स्वयंपाकघरात धाकट्या बहिणीशी फोनवर बोलत होती आणि मी बाहेरच्या खोलीत वर्तमानपत्र वाचत होतो. ती हसली, थांबली, ‘माय वं, खरंच का?’ म्हणाली आणि मग इतकी मोकळी हसली की मी वर्तमानपत्र खाली ठेवले. आमच्या घरात असे हसू ऐकू येऊन बराच काळ लोटला होता. ते माझ्यामुळे आलेले नाही, हे मला आधी जाणवले. कशामुळे आले, हे मी नंतर विचारले.

“ॲम्बुलन्स घेतली त्यायनं,” ती म्हणाली. “आतमधी पलंग करून राह्यले, चहाचा ओटा करून राह्यले. मंग दोघं फिराले जानार हायेत म्हने. मनात येईन तिकडं.”

“त्याला परवानगी लागते,” मी म्हणालो.

तिचे हसू तिथेच थांबले. मी काही वाईट बोललो नव्हतो. माझा मत्सर नेहमी असाच सल्ल्याचे कपडे घालून बाहेर पडतो, आणि तो इतका नीटनेटका असतो की त्याला कोणी दारात अडवत नाही.

मी वाशीमच्या न्यायालयात लघुलेखक आहे. दुसऱ्यांचे शब्द चुकू न देता उतरवून घेणे हे माझे काम. आवाज जन्मतःच हळू, आणि नोकरीने तो अधिकच हळू केला. लोक त्याला सभ्यपणा समजतात. साडूचे सगळे याच्या उलट आहे. जऊळक्यात स्टेशनच्या रस्त्याला त्याचा वेल्डिंगचा कारखाना आहे. ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या, खिडक्यांचे गज, शेतांची फाटके तो करतो. मशिनीच्या आवाजात बोलायची सवय असल्यामुळे तो घरातही ओरडूनच बोलतो. माझी सासुरवाडी त्याच गावात, त्याच्या घरापासून चार घरे पलीकडे. सासरे गेल्यापासून सासूबाईंचे सगळे तो आणि माझी मेहुणी पाहतात. मी थोरला जावई, म्हणून मान माझा. काम त्याचे.

पुढच्या रविवारी पत्नीच्या आग्रहाने आम्ही जऊळक्याला गेलो. कारखान्याच्या पत्र्याखाली ती पांढरी, उंच टपाची, लांबलचक गाडी उभी होती. बाजूवरचे लाल चिन्ह रॉकेलने खरवडून काढले होते, तरी त्या जागी रंग उन्हाने कमी विटलेला असल्याने चिन्हाचा आकार ओळखू येत होता.

“या साडभाऊ! पेशंट आले, दरवाजा उघडा!” साडूने मागची दोन्ही दारे धाडकन उघडली. “झोपा, बीपी पाहतो तुमचं. तसं तुमचं हायच असते.”

सगळे हसले. मीही हसलो आणि आत डोकावलो.

काहीतरी हास्यास्पद दिसेल, अशी माझी आशा होती. दिसले ते व्यवस्थित होते. स्ट्रेचर सरकवण्याचे लोखंडी रूळ त्याने काढले नव्हते. त्यांवरच चाके लावून एक पलंग बसवला होता, जो दिवसा आत सरकवला की बसायला जागा होई. नातेवाइकांसाठी असलेल्या लांब बाकाची गादी बदलली होती, म्हणजे तिसऱ्या माणसाचीही झोपायची सोय झाली. सलाइन टांगण्याच्या हुकाला कंदिलासारखा दिवा होता. ऑक्सिजनचे नळकांडे जिथे पट्ट्याने बांधत, तिथे पाण्याचा कॅन बसला होता आणि त्याखाली छोटी तोटी. अजून फिनाइलचा वास येत होता. त्यात नव्या प्लायवूडचा वास मिसळला होता.

मेहुणी खिडकीला पडद्याचे कापड लावून पाहत होती. मी तिला विचारले, “कुठे जायचं ठरलं?”

“पोळा झाला का चिखलदऱ्याले. मंग पचमढी. मंग पाहू.” ती सुईत दोरा ओवत म्हणाली. “खरं सांगू का भाऊजी, मले काही पाहाचं नाही. आजवर गेली ते लग्नाले गेली, नाहीतं मौतीले गेली. एखाद्या सकाळी उठावं, अन् मी कोनाची कोन हाव, हे तिथं कोनाले माहीत नसावं. तिथं बसून मी माह्या हातचा चहा प्यावा. बस.”

माझी पत्नी तोवर आत चढून बाकावर बसली होती. ती तळहाताने गादी दाबून पाहत होती. “मले तं इथंच राहावं वाटून राह्यलं,” ती म्हणाली. मग माझ्याकडे पाहिले आणि बहिणीकडे वळून म्हणाली, “आमचं बी होतं असं काही. रिटायर झाल्यावर जाऊ म्हनत असतात हे.”

त्या वाक्यात टोमणा नव्हता. असता तर मी त्याला उत्तर दिले असते.

मी साडूला नोंदणी, रंग, सायरन आणि दिवा यांविषयी काही सांगितले. प्रत्येक गोष्ट त्याने आधीच केली होती. कागद बदलायला दिले होते, सायरन उतरवून ठेवला होता, रंगाचे डबे आणून ठेवले होते. तो माझे सगळे ऐकून घेत होता आणि ‘बरोबर हाय साडभाऊ’ म्हणत होता. समोरच्याला आपल्या सल्ल्याची गरज नसावी आणि तरीही त्याने तो आदराने ऐकावा, यासारखे दुसरे काही मला इतके बोचत नाही.

रंग देण्याआधी गाडीची पूजा करायला आम्ही सगळे पोहरादेवीला गेलो. साडू चालवत होता, सासूबाई त्याच्या शेजारी, आम्ही तिघे मागे. रस्त्यात मोटारसायकलवाले आरशात पांढरी गाडी दिसताच बाजूला होत. एका फाट्यावर उभ्या असलेल्या म्हाताऱ्याने गाडीकडे पाहून हात जोडले. आत कोण असेल, त्याला आराम पडो, एवढेच त्याला म्हणायचे असणार.

“कलेक्टरले नाही भेटत असा रस्ता!” साडू पुढून ओरडला.

“हा लोकांच्या दयेचा गैरफायदा आहे,” मी मागून म्हणालो.

त्याने गाडीचा वेग कमी केला. मग म्हणाला, “हो, ते खरं हाय. म्हनून तं पिवळा रंग आनला. उद्याच मारतो.” आणि लगेच शीळ घालू लागला. मंदिरासमोर त्याने नारळ माझ्या हातात दिला. “थोरले जावई फोडतीन,” तो जमलेल्यांना ऐकू जाईल असे म्हणाला. दुसऱ्याच्या गाडीपुढे मी नारळ फोडला. पत्नीने माझ्याकडे कौतुकाने पाहिले असते, तर कदाचित पुढचे टळले असते. पण ती बहिणीसोबत गाडीच्या टपाकडे बोट दाखवून काहीतरी ठरवत होती.

त्या वर्षी अधिक महिना आला होता. आमच्याकडे त्याला धोंड्याचा महिना म्हणतात. या महिन्यात लेक आणि जावयाला बोलावून लक्ष्मीनारायणाच्या जागी मानतात. सासूबाईंनी दोन्ही जोड्यांना एकाच दिवशी बोलावले. आमचे पाय धुतले, कपाळी कुंकू लावले, तबकात अनारसे आणि दिवा ठेवून ते आमच्यापुढे धरले. पुरणाचे धोंडे तुपात बुडवून वाढले. त्या पाटावर बसलेल्या जावयाचा शब्द त्या दिवशी कोणी खाली पडू देत नाही. त्याने मीठ कमी म्हटले तर मीठ कमी असते.

जेवताना बोलणे गाडीचेच होते. पिवळा रंग लागला होता. मेहुणी म्हणाली, “ताई, तू बी चाल. बाकावर झोपजो. तिघं जाऊ.”

“मी? अन् ह्यायचं काय?”

“भाऊजीले कोर्ट हाय ना.”

पत्नीने माझ्याकडे पाहिले नाही. ती पानातला धोंडा बोटाने फोडत होती, आणि तिच्या चेहऱ्यावर मला स्पष्ट दिसले की ती मनाने निघाली आहे.

तेव्हा मी बोललो. आवाज नेहमीसारखाच होता. मी म्हणालो, “जा अवश्य. फक्त मनात एक येतं. बाबांना अकोल्याला नेलं, ती गाडीही अशीच होती. हीसुद्धा तिकडच्याच दवाखान्याची. कोण जाणे, हीच असेल.”

माझे सासरे रुग्णवाहिकेत गेले, अकोल्याच्या वाटेवर, दवाखाना गाठण्याआधीच. त्या दिवशी गाडीत आम्ही दोघे जावई होतो. ‘थोरले जावई पुढं बसतीन’ असे कोणीतरी म्हणाले, म्हणून मी चालकाशेजारी बसलो आणि साडू मागे. शेवटच्या क्षणी सासऱ्यांचा हात त्याच्या हातात होता. ‘पाऊस हाय का बाहेर?’ हे त्यांचे अखेरचे शब्द त्यानेच ऐकले आणि त्यानेच घरी येऊन सांगितले. माझ्या मानाने मला मधल्या काचेच्या पुढे ठेवले होते. त्या जागेचा हेवा मी तेव्हापासून करत आलो आहे, आणि मृत्यूशेजारच्या जागेचाही हेवा करता येतो, हे कळायला मला पन्नाशी ओलांडावी लागली.

ती गाडी ही नव्हती. ती बसकी, छोटी व्हॅन होती. तिचे पुढचे दार नीट लागत नव्हते. ते मी हाताने ओढून धरले होते, म्हणून ती मी विसरणे शक्य नाही. घरातल्या बायका त्या दिवशी रडत होत्या, त्यांनी गाडीकडे पाहिलेही नव्हते. जाणणारे दोघेच होतो.

साडूने मान वर करून माझ्याकडे पाहिले. मला वाटले, आता तो ओरडेल. त्याने वरणात तूप कालवले आणि जेवू लागला. मी पाटावरचा जावई होतो.

सासूबाईंच्या हातातली तुपाची वाटी तशीच राहिली. मेहुणी उठून आत गेली. पत्नीने पानाबाहेर हात काढला.

त्यानंतर मेहुणी गाडीत चढली नाही. पडदे अर्धे शिवून राहिले. गाडीची शांती करून घेऊ, असे सासूबाई म्हणाल्या; तिने तेही नको म्हटले. “बाबा जिथं गेले तिथं मी चहा कशी करू?” असे तिने पत्नीला फोनवर विचारले. पत्नीने ते मला सांगितले आणि माझ्या उत्तराची वाट पाहिली. मी म्हणालो, “तिची भावना समजण्यासारखी आहे.” इतका नीच मी त्याआधी कधी झालो नसेन, आणि इतक्या शुद्ध मराठीतही.

मला सुख झाले का? आरंभी झाले. एक-दोन दिवस मी कोर्टात चांगला बोललो, सहकाऱ्याला स्वतःहून चहा पाजला. मग पत्नी गप्प होत गेली. माझे ताट वाढून ती गॅलरीत जाऊन बसे. एका संध्याकाळी ती तिथूनच म्हणाली, “गाडी इकून राह्यले ते. येत्या रविवारी गिऱ्हाईक येनार हाय.”

ती गाडी रस्त्यावरून जाणार, या कल्पनेने मला जी जळजळ झाली होती, ती गाडी जाणारच नाही हे कळल्यावर शमायला हवी होती. शमली नाही. मेहुणीचा तो चहा मात्र डोळ्यांपुढून हटेना. मी कोणाच्या हातून काय काढून घेतले आहे, ते मला त्या क्षणी कळले.

रविवारी मी एकटाच बसने जऊळक्याला गेलो. कारखान्यासमोर आठवडी बाजारांत कापड विकणारे एक वयस्क मुसलमान व्यापारी गाडीची आतून पाहणी करत होते. कापडाचे गठ्ठे कसे रचता येतील, ते हाताने वीत टाकून मोजत होते. साडू त्यांना रूळ दाखवत होता. नेहमीचा ओरडा नव्हता. सासूबाई आणि मेहुणी बाहेरच्या ओट्यावर बसल्या होत्या.

मी ओट्याजवळ गेलो. कसे बोलावे, याची वाक्ये मी बसमध्ये बांधली होती. त्यांतले एकही आठवले नाही.

“ती गाडी ही नाही,” मी म्हणालो. “बाबांना नेलं ती लहान होती. मी पुढे बसलो होतो. मला त्या दिवशीही ठाऊक होतं.”

सासूबाईंना नीट ऐकू आले नाही. “काय म्हन्ते?” त्यांनी मेहुणीला विचारले. मेहुणी बोलली नाही, म्हणून मला तेच पुन्हा, मोठ्याने सांगावे लागले. कारखान्यातले बोलणे थांबले.

“मंग काहून म्हनलं तसं?” सासूबाईंनी विचारले.

साडू हात पुसत बाहेर आला आणि सासूबाईंना म्हणाला, “मामी, इतक्या वर्साची गोष्ट. साडभाऊची गफलत झाली असंन. मलेबी कुठं आठवते?”

पळून जाण्याची वाट त्याने मला पुन्हा एकदा उघडून दिली होती. ती इतकी रुंद होती की मला त्याचा रागच आला.

“गफलत झाली नाही,” मी म्हणालो. “मला हेवा वाटला. ही जाणार, तो जाणार, आमची ही पण जाणार. म्हणून बोललो.”

मेहुणीने पदर तोंडाला लावला. ती रडते आहे असे मला वाटले, पण ती माझ्याकडे सरळ पाहत होती. “तुमी मले म्हनलं असतं ना, मले बी न्या, तं म्या तुमाले डोक्यावर बसवून नेलं असतं,” ती म्हणाली. “तुमी बाबाले आनलं मधात.”

मी ओट्याच्या कडेला टेकलो.

बऱ्याच वेळाने ती उठली, गाडीच्या मागच्या दाराशी गेली आणि आत बसलेल्या व्यापाऱ्याला म्हणाली, “चाचा, चहा पिऊन जा. गाडी नाही इकाची.”

“अरे बाई, मैंने तो दुकान लगा भी लिया अंदर!” ते म्हणाले, आणि गुडघ्यावर हात ठेवत उतरले. “चहा तं पितोच. पन साखर डबल टाका, नुकसान झालं माहं.”

मेहुणी चहा करायला आत गेली. मला तिने कप दिला. माझ्याशी बोलली नाही. पुढेही बरेच दिवस बोलली नाही.

पोळा झाल्यावर माझ्या पत्नीसह ते तिघे निघाले. सासूबाईंजवळ कोण राहील, हा प्रश्न निघाला तेव्हा मी रजा टाकली. जावयाने सासूची चाकरी करावी, हे सासूबाईंना मुळीच पटले नाही. लोक काय म्हणतील, असे त्या दिवसभर पुटपुटत होत्या. मी त्यांना चहा दिला की त्या कपाकडे अपराधी नजरेने पाहत आणि मग म्हणत, “पातय झाला.” दुसऱ्या दिवशी म्हणत, “आता कडक झाला.”

चिखलदऱ्याहून पत्नीचा फोन आला. धुके आहे, पुढचे काही दिसत नाही, सकाळी गाडीबाहेर बसून चहा केला, बहीण बोलतच नाही, नुसती बसून आहे, असे ती सांगत होती. मी फोन सासूबाईंच्या कानाला लावला आणि अंगणात गेलो. ते धुके मला हवे होते. तो बाक मला हवा होता. प्रायश्चित्त घेतले की हेवा जातो, असे मी कुठेतरी गृहीत धरले होते. तो गेला नव्हता, फक्त आता त्याला सल्ल्याचे कपडे नव्हते.

संध्याकाळी ओट्यावर शेंगा निवडत सासूबाईंनी विचारले, “खरं सांगा जवाईबापू. जावंसं वाटून राह्यलं ना तुमाले?”

“वाटतंय.”

“मंग गेले काहून नाही?”

“मला कोणी विचारलं नाही.”

त्यांनी शेंग फोडली, दाणे टोपल्यात टाकले. “तुमी इचारलं का कोनाले?”

मी आयुष्यात साडूकडे काही मागितलेले नाही. आमच्या घरच्या खिडकीची जाळीसुद्धा त्याने आपणहून आणून बसवली होती, आणि तेव्हाही मी ‘याची काय गरज होती’ म्हणालो होतो. मी फोन लावला. पलीकडून आधी वारा ऐकू आला, मग त्याचा ओरडा.

“बोला साडभाऊ! मामी बरी हाय ना?”

“बऱ्या आहेत.” सासूबाई टोपल्याकडे पाहत होत्या, पण त्यांचे हात थांबले होते. “एक विचारायचं होतं. पुढच्या वेळी… माझी सोय होईल का त्या गाडीत?”

“होईन ना! टपावर बर्थ टाकतो तुमच्यासाठी. कोर्टासारखी, सगळ्यायच्या वरतं!” तो हसला, मग दुसऱ्या कोणाला तरी काही सांगितले, आणि पुन्हा फोनवर येऊन म्हणाला, “थांबा, ही इचारून राह्यली, तुमी घोरता का?”

प्रश्न मेहुणीचा होता. “घोरतो,” मी म्हणालो.

“घोरतात म्हने!” तो तिकडे ओरडला. उत्तर काय आले ते वाऱ्यात मला कळले नाही, आणि पुन्हा विचारायचे धाडस झाले नाही. फोन ठेवल्यावर माझ्या लक्षात आले की हो म्हणायला त्याला एक क्षणही लागला नव्हता. मला कोणी असे काही मागितले असते, तर मी आधी परवानगीचे काय, ते विचारले असते. त्याचाही मला हेवा वाटला. मी सासूबाईंशेजारी बसलो आणि उरलेल्या शेंगा निवडू लागलो.